डुकरांचं आंबोण

आमच्या फार्मवर किस्से गोळा करावे लागत नाहीत. पिंपाच्या तळाला पेंड बसते तसे ते आपोआप बसतात आणि कुणी ढवळलं की वर येतात. ढवळणारे पुष्कळ. पाहुणा येतो, चहा घेतो आणि विचारतो, "मग सध्या काय चाललंय?" मी म्हणतो, डुकरांच्या पेंडीवर काम करतोय. पाहुण्याचा कप बशीत जातो. मग पुढचं सगळं मलाच सांगावं लागतं.

फार्म देवदानकाकांचा. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव नेवासे तालुक्यात, घोडेगावचा बाजार मोटरसायकलवर अर्ध्या तासावर. मी कृषी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला तेव्हा नगरला आमच्या घरात एवढा तमाशा झाला की वडिलांनी मला काकांकडं पाठवून दिलं. शिक्षा म्हणून. डुकरांत राहिला की अक्कल येईल, असा त्यांचा हिशेब. अक्कल आली की नाही माहीत नाही. गोडी लागली, हे मात्र खरं.

आणि गोडी लागल्यावर काकांनी अट घातली. ती पुढं सांगतोच. तूर्त एवढंच लक्षात ठेवा, की शेडच्या भिंतीला बांबूंचा ढीग टेकवून ठेवला होता. मी हरलो तर त्या बांबूंची कांदाचाळ होणार होती आणि मी परत होस्टेलला जाणार होतो.

* * *

काकांचं उभं आयुष्य गायींमध्ये गेलं. त्यामुळं डुक्कर म्हणजे आखूड पायांची गाय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं. पहिली पिल्लं आली त्या दिवशी त्यांनी पुढ्यात कडब्याची कुट्टी टाकली. वर थोडं मीठही भुरभुरलं.

पिल्लांनी कुट्टी हुंगली. नाकानं इकडंतिकडं सारखी केली. आणि तिच्यावर ओळीनं झोपली.

काका बराच वेळ कठड्याला टेकून बघत होते. मग काकीला समाधानानं म्हणाले, "पोटं भरली बघ. लगेच निजली."

* * *

आता काकांना हसणारे बरेच जण भेटतात, म्हणून आमच्या कॉलेजचंही सांगतो. पशुपालनाच्या पुस्तकात म्हशीला आठ पानं, शेळीला चार आणि डुकराला अर्धं. मी सरांना विचारलं, "सर, गायीच्या पोटाला चार कप्पे, डुकराला एकच पोट. मग गायीची पेंड डुकराला कशी चालेल?"

सर म्हणाले, "डुकराचा धडा आपण ऑप्शनला टाकलाय."

"कुणी टाकला?"

"मीच. मी विद्यार्थी होतो तेव्हापासून."

त्याच महिन्यात मी कॉलेज ऑप्शनला टाकलं.

* * *

सोयाबीनचा घोळ मी यायच्या आधीपासून चालू होता. सोयाबीनमध्ये ताकद असते, हे काकांनी कुठून तरी ऐकलेलं. घरचं सोयाबीन पोत्यांनी पडलेलं. त्यांनी ते कच्चंच भरडून डुकरांना घालायला सुरुवात केली. डुकरं खात होती, पण अंगाला काही लागेना. पोटं ढाळत होती, कातडी सैल पडलेली. गिरणीत धान्य घालावं आणि खाली पीठच पडू नये, तसलं काहीतरी.

काका म्हणाले, नजर लागली. शांतवन मास्तर म्हणाले, प्रार्थना करू. हे मास्तर म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्यापुढं काकाही मान खाली घालून बसतात. त्यांनी शेडच्या दारात उभं राहून डुकरांसाठी लांबलचक प्रार्थना केली. तीत सोयाबीनचा उल्लेख नव्हता.

मी मोबाईलवर वाचत बसलो. कच्च्या सोयाबीनमध्येच एक अशी चीज असते जी पोटातल्या पाचकरसाला काम करू देत नाही. प्रोटीन आत जातं आणि तसंच बाहेर येतं. भाजलं की ती चीज मरते. नीट भाजलं पाहिजे. कमी भाजलं तर मरत नाही, करपवलं तर प्रोटीनही वाया.

मी हे सगळं सांगितलं. काका म्हणाले, "म्हंजी डुकराला आता रांधून घालायचं? उद्या फोडणी दे म्हनशील."

* * *

अट त्याच भांडणात पडली. मी म्हणालो होतो, दुकानातलं तयार खाद्य आणायची गरजच नाही. आपल्याकडं मका आहे, सोयाबीन आहे, घाण्यावरची शेंगदाणा पेंड आहे. पेंडच नीट केली तर डुकरं तेवढीच वाढतील. आणि पुढं तोंडातून निघून गेलं की गेली दोन वर्षं तुम्ही फक्त डुकरांचा वेळ घालवलाय.

काका चिडत नाहीत. ते व्यवहाराचं बोलतात. शेडमध्ये दोन खोल्या आहेत. एकाच वयाची पिल्लं दोन्हीकडं सारखी वाटायची. डावीकडची काकांची, त्यांना तयार खाद्य. उजवीकडची माझी, त्यांना माझी पेंड. नाताळाच्या आधी वजन करायचं.

"बरोबरीत आली पायजेत," काका म्हणाले. "बरोबरीत आली तर तू हितं ऱ्हा, तुझ्या बापाला मी बघतो. मागं पडली तर तू होस्टेलला, आन् हितं कांदाचाळ."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून बांबू आले. उतरवून घेतले ते माझ्याच डुकरांच्या खोलीच्या भिंतीशी.

* * *

सोयाबीन भाजायला मी घोडेगावात फुटाण्याच्या भट्टीवर गेलो. भट्टीवाल्यानं पोतं उघडून बघितलं आणि विचारलं, "लग्न हाय का?" मी हो म्हणालो. डुकरांसाठी म्हणालो असतो तर त्यानं कढई दिली नसती.

भाजायचं कसं, हे मी नुसतं वाचलेलं. दाणा काळा होऊ न देता आतून शिजवायचा, त्याची परीक्षा काय? शेवटी एकेक दाणा चावून बघत बसलो. कच्चटपणा जिभेला कळतो. संध्याकाळपर्यंत माझं तोंड सोलून निघालं, पण पोतं बदामी रंगाचं झालं आणि वास असा सुटला की घरी येईपर्यंत वाटेत दोघांनी गाडी थांबवली.

त्या संध्याकाळी आमच्याकडं प्रार्थनासभा. काकीनं ते पोतं बघितलं, तिला वाटलं मी सभेसाठीच आणलंय. तिनं ताटात भरून फिरवलं. मास्तरांनी दोनदा घेतलं. कवळीनं सावकाश चावत म्हणाले, "सॅम्युअल, फार खमंग. कुणाकडचं?"

भट्टीवर एकदा खोटं बोलून झालं होतं. निदान मास्तरांशी तरी बोलायचंच नव्हतं. म्हणालो, "डुकरांचं खाद्य आहे, मास्तर."

सभा थांबली. काकांनी डोळे मिटले.

मास्तरांनी तोंडातलं गिळलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग त्यांना सांग, मीठ कमी आहे."

* * *

शेजारी संपतनाना. त्यांच्या गोठ्यात दुभत्या गायी, दूध संकलन केंद्रावर त्यांचा शब्द चालतो, आणि सरकी पेंडीवर त्यांची देवासारखी श्रद्धा. "माझ्या गायी बघ. सरकी घाल डुकराला, घोड्यावानी हुतील."

सरकीत प्रोटीन असतं हे खरं. पण सरकीत एक विषही असतं, जे गाय चार कप्प्यांत जिरवते आणि डुक्कर जिरवू शकत नाही. मी वाचलं की लोहाचं मीठ मिसळलं तर ते विष बांधलं जातं. मग डुकरालाही थोडी सरकी चालते. थोडीच. लोहाचं मीठ म्हणजे आपलं हिराकस. पिकं पिवळी पडली की शेतकरी फवारतात तेच.

काकांना आणायला पाठवलं, मी गाडीवर बाहेर थांबलो. खताच्या दुकानात पोरगेला नवीन माणूस होता. त्यानं विचारलं, "पीक कोनतं?"

"डुक्कर," काका म्हणाले.

तो काही नवीन वाण असावं असं समजला. "किती दिवसांचं?"

"दोन महिन्याचं असंल."

"पिवळं पडलंय का?"

"न्हाई. गुलाबी हाय."

"मग पान्याचा ताण पडला असंल."

"न्हाई न्हाई," काका म्हणाले, "पान्यातच लोळतंय."

त्यानं हिराकस दिलंच, वर बुरशीनाशक घ्या म्हणाला.

* * *

दिवाळी झाली, लग्नं सुरू झाली आणि आमच्याकडं माणसं यायला लागली. चांगली टोप्या-फेट्याची माणसं. गाडी उभी करायची, शेडकडं लांबून बघायचं, आणि विचारायचं, "तारीख मोकळी आहे का?"

झालं असं होतं की काकांना रस्त्यावर पाटी लावायची होती. 'डुक्कर' हा शब्द रस्त्यावर बरा दिसत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. डुकरं चालतात, शब्द चालत नाही. मास्तरांनी शुद्ध शब्द काढून दिला, 'वराहपालन केंद्र'. पेंटर आमच्याच गावचा. त्यानं आयुष्यात तो शब्द वाचलेला नव्हता. मास्तर म्हातारे झाले, शुद्धलेखन चुकतं, अशी दया येऊन त्यानं स्वतःच दुरुस्त केलं. पाटी झाली, 'वऱ्हाडपालन केंद्र. संपर्क: देवदान'.

एका नवरीच्या बापानं काकांना विचारलं, "किती जणांची सोय होती?"

काकांना पाटीचा पत्ता नव्हता. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक आहे. म्हणाले, "सध्या तीस निजलेत. पन खायची-प्यायची तक्रार न्हाई कुनाची."

"बाथरूम?"

"एकाच कोपऱ्यात जात्यात सगळे. लई शिस्तीचे."

तो माणूस परत आला नाही. पाटी अजून तीच आहे.

* * *

सोयाबीन भाजून झालं तरी माझ्या खोलीतली पिल्लं मला थोडी मागंच वाटत होती. मी परत वाचायला बसलो. पेंड आंबवली तर पचायला आणखी सोपी होते, असं दिसलं. मी निळी प्लॅस्टिकची पिंपं आणली, भरडलेली पेंड भिजवली, गूळपाणी आणि काकीचं ताक घातलं, झाकण घट्ट लावून ठेवलं. दोन दिवसांनी आंबूस, गोडसर वास. डुकरं झाकणाच्या आवाजानं उभी राहायला लागली.

काकांनी पिंपात डोकावून बघितलं. "हे आंबोनच की."

इथं माझं डोकं फिरलं. म्हणजे मी महिनाभर वाचायचं, तोंड सोलून घ्यायचं, आणि यांनी एका शब्दात ते आपल्या बापजाद्यांच्या खात्यावर जमा करायचं. मी म्हणालो, "गायीचं आंबोण धार काढायच्या आधी भिजवतात, काका. ते नुसतं ओलं असतं. हे आंबवलेलं आहे. आत जिवाणू काम करतायत."

"आंबिवलं म्हनूनच आंबोन," काका म्हणाले.

मी त्या दिवशी जेवलो नाही. शब्दात त्यांनी मला पकडलं होतं आणि ते त्यांना कळलंही नव्हतं.

* * *

त्या पिंपांचा वास गावभर गेला. रविवारी उपासनेला जाताना लोक नाक वर करून थांबायला लागले. देवदानच्या शेडात भट्टी लागली, अशी बातमी पसरली. दारूबंदीसाठी भांडणाऱ्या बाया आल्या. त्यांच्या पुढं मास्तर. दारूवर मास्तरांइतकी भाषणं या तालुक्यात कुणी दिलेली नाहीत. त्यांनी आयुष्यात थेंब शिवलेला नाही, हे त्यांच्या प्रत्येक भाषणात येतं.

मी एका पिंपाचं झाकण उघडलं. मास्तर वाकले. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

"दारू नाही," त्यांनी बायांना सांगितलं. "दारूला सुरुवातीला असा आंबटपणा असतो, पण मागून जी गरमी येते ती नाही."

बाया परत गेल्या. मंडळीत हा प्रश्न अजून कुणी काढलेला नाही.

* * *

आणि मग माझं आंबोण चोरीला जायला लागलं.

हो, मीही आंबोणच म्हणायला लागलो होतो. रोज पिंपं जेवढी भरून ठेवायचो त्यापेक्षा सकाळी खाली गेलेली असायची. आधी वाटलं, पेंड बसते, पाणी उडतं. मी काठी घालून खूण करून ठेवली. खूण उघडी पडली. उंदीर झाकण लावून ठेवत नाहीत. नाताळ जवळ आलेला आणि माझ्या डुकरांना पुरेल एवढं राहीना. मी पिंपं वाढवली. गंमत म्हणजे काकी न मागता जास्तीचं ताक काढून ठेवायला लागली. मला वाटलं, तिला कीव आली.

संशय नानांवर. त्यांच्या गायींचं दूध त्याच सुमाराला वाढलं होतं आणि ते ज्याला त्याला सांगत होते. मी सरळ गोठ्यात गेलो आणि विचारलं.

नाना धार काढत होते. हात थांबला. "मी डुकराच्या पिंपातलं गायीला घालीन व्हय? म्हाताऱ्या मान्साला इचारतोस?" मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागतं, पोरांना चोरायला वेळ नसतो. ते उठून उभे राहिले. बादली सांडली. मला वाटलं मारतात. पण काहीतरी आठवल्यासारखं झालं त्यांना, आमच्या शेडकडं बघून हसायला लागले. म्हणाले, "तू लई शिकलास रे. पन जरा लवकर उठत जा."

याचा अर्थ मी टोमणा असा लावला. मी उशिरा उठतो हे तालुक्याला माहीत आहे.

* * *

वजनाचा दिवस. काटा नानांच्या कांद्याचा. धुऊन परत द्यायच्या अटीवर आणलेला. नाना स्वतः काट्याशी बसले, मास्तर साक्षीला खुर्ची घेऊन, काकी पदर खोचून पिंजऱ्याच्या दाराशी. बांबू तिथंच, भिंतीला.

आधी काकांची खोली. एकेक डुक्कर पिंजऱ्यात, पिंजरा काट्यावर. मास्तर आकडा मोठ्यानं वाचत होते, हजेरी घ्यावी तसे. चांगली भरलेली डुकरं होती. दुकानातलं खाद्य खाऊन डुकरं एवढी वाढतात, तर मी भट्टीवर काय करत होतो?

मग माझी. पहिलं तेवढंच. दुसरं तेवढंच. एखादं थोडं खाली, पुढचं थोडं वर. शेवटचं उतरवलं तेव्हा मास्तरांनी दोन्ही बेरजा केल्या, चष्मा काढला, पुसला, परत केल्या.

"बरोबरीत," मास्तर म्हणाले.

काकी हसली. नाना खाली बघत काट्याच्या साखळीशी खेळत होते. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. काकांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि हात धुवायला गेले.

डुकरांना मेजवानी द्यावी म्हणून मी काकांच्या खाद्याचं एक पोतं आणायला कोठीत गेलो. जिंकलेल्या माणसाला उदार व्हावंसं वाटतं. कोठी जमिनीपासून पत्र्यापर्यंत भरलेली. गणपतीत आणलेली पोती खाली, दसऱ्याची त्यांच्यावर, दिवाळीची त्यांच्याही वर. सगळ्यांच्या तोंडाची शिवण जशीच्या तशी. एकाचाही दोरा उसवलेला नव्हता. वरच्या पोत्यावर मांजर व्यालेली.

मी बाहेर आलो. काका टॉवेलनं हात पुसत होते.

"काका, तुमच्या डुकरांनी एवढे दिवस खाल्लं काय?"

"आदी तुझी पेंड, मग आंबोन."

"माझ्या पिंपातलं?"

"मग काय नानाच्या?"

मला राग आला. "काका, दोन्ही खोल्यांत एकच खाद्य! मग आपण तुलना कशाशी केली? हे वजन कशाला केलं? याला काही अर्थ आहे का?"

काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. माझ्याकडं नाही, बांबूंकडं बघत म्हणाले, "बरोबरीत आली पायजेत म्हनलो हुतो. आली."

मास्तर खुर्ची उचलून निघाले. नाना काटा धुवायला लागले, जो मी धुणार होतो.

काका दोन पावलं गेले आणि थांबले.

"त्या बांबूंचा पिंपांवर मांडव घाल. तिकडल्या दोन पिंपांना दुपारचं ऊन लागतं, त्यातलं लई आंबतं. डुकरं तोंड फिरवत्यात."